बारावीचा १०० टक्के निकाल लागलेलं कॉलेज सर्वात चांगलं समजावं का?

नाही. त्या टक्क्यात ३५ गुणांवर काठावर पास झालेला आणि ९५ टक्केवाला दोघं सारखेच मोजले जातात. २० मुलांचा वर्ग आणि ८०० मुलांचं कॉलेज यांची तुलनाही तशी फसवीच. २०२४ मध्ये कोकण विभाग ९७.५१ टक्क्यांसह पहिला आला, मुंबई ९१.९५ वर राहिली. पण कोकणात परीक्षार्थी मुंबईच्या मानाने फारच थोडे.

कॉलेजात जाऊन विचारा: अकरावीला किती गुणांवर प्रवेश दिले होते, आणि बारावीला ७५ टक्क्यांच्या वर, म्हणजे प्राविण्य श्रेणीत, किती मुलं गेली? दहावीला ६० टक्के मिळवलेल्या मुलांना ७५ वर नेणारं कॉलेज मला जास्त मोलाचं वाटतं. सायन्स असेल तर सीईटी, नीटचंही विचारा, आणि तो अभ्यास वर्गात होतो की बाहेरच्या क्लासमध्ये, हेसुद्धा.