बाइटमधले शब्द कुणाचे? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

बरीच वर्षं पुण्यात टीव्हीच्या न्यूज डेस्कवर काढली, त्यामुळे भाषेचे प्रश्न माझ्याकडे येतात. यावेळचे चार घेतलेत, सगळे बाइटचे, म्हणजे बातमीत कुणाच्या बोलण्याचा तुकडा दाखवतो त्याचे.

प्रश्न (सदाशिव पेठ, निवृत्त शिक्षिका): लोक बाइटमध्ये ‘व्हतं’, ‘पानी’ म्हणतात. निदान खालच्या पट्टीत तरी ते शुद्ध करून का लिहीत नाही?

बाई, ते अशुद्ध नाहीये, ती बोली आहे. मार्केट यार्डात कांदा घेऊन आलेले एक आजोबा कॅमेऱ्यापुढे म्हणाले, ‘समदं पान्यात गेलं बघा, आता म्या काय करू?’ आणि डेस्कवरच्या नवीन पोराने सुपर (पडद्यावर खाली येणारी ओळ) टाकला, ‘अतिवृष्टीमुळे संपूर्ण पिकाचे नुकसान झाले, आता मी काय करावे?’ म्हणजे कानावर आजोबा आणि डोळ्यापुढे तहसीलदाराचा पंचनामा! मी तो ऑन एअर जायच्या आधी बदलायला लावला, आजोबा बोलले तस्संच लिहायला लावलं. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियमसुद्धा हेच सांगतात, की कुणाचं बोलणं दाखवायचं असेल तर त्या माणसाच्या उच्चाराप्रमाणे लिहावं. अँकरची स्क्रिप्ट, हेडलाइन, टिकर (खाली सरकत जाणारी बातमीपट्टी) मात्र आमची भाषा, तिथे ‘पाणि’ किंवा ‘आणी’ दिसलं तर खुशाल आमचा कान धरा, तिथे सबब चालत नाही. अहिराणीसारखी बोली सगळ्यांना कळणार नसेल तर खाली प्रमाण मराठीत अर्थ द्यावा, पण मूळ आवाज पुसू नये.

प्रश्न (रानडे इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी): चार मिनिटांचा बाइट वीस सेकंदांत बसवायचा, मग काय कापायचं?

‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, खोकला, एकच गोष्ट तीनदा सांगितलेली, हे बिनधास्त काप. पण ‘जर’, ‘तर’, ‘पण’, ‘नाही’ यांना हात लावायच्या आधी अख्खं वाक्य परत ऐक. समज अधिकारी म्हणाले, ‘सध्या पाणीकपात नाही, पण खडकवासला साखळीतला साठा खूपच खाली गेला तर विचार करावा लागेल.’ यातलं फक्त ‘विचार करावा लागेल’ उचललंस की झाली ब्रेकिंग, आणि संध्याकाळी कोथरूडपासून हडपसरपर्यंत लोक ड्रम भरत बसणार. शब्द त्यांचेच, अर्थ मात्र तू बदललेला. आणि दोन तुकडे जोडताना मध्ये धरणाचे व्हिज्युअल टाकलेस की जम्प कट, म्हणजे जोडावर दिसणारा झटका, झाकला जातो, बघणाऱ्याला वाटतं माणूस सलग बोलला, म्हणून मी तिथे छोटा व्हाइट फ्लॅश, म्हणजे क्षणभर पांढरा पडदा, द्यायला सांगतो. प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं, असं तर कधीच जोडू नकोस.

प्रश्न (पिंपरी): हिंदी बाइटचं मराठी करताना इतक्या चुका का होतात?

घाई, आणि सारखे दिसणारे शब्द. हिंदीतली ‘आपत्ति’ म्हणजे हरकतही, आपली आपत्ती म्हणजे संकट. ‘मुझे आपत्ति है’चं ‘माझ्यावर आपत्ती आहे’ झालेलं मी स्वतः पाहिलंय, आणि बोलणारे वकील होते, त्यांना किती वाईट वाटलं असेल. ‘खुलासा’चं तसंच, हिंदीत गौप्यस्फोट, मराठीत स्पष्टीकरण. ‘पोलिसांचा मोठा खुलासा’ वाचून मराठी माणसाला वाटणार की पोलीस कसलं तरी स्पष्टीकरण देतायत.

प्रश्न (भोर): शिवी आली तर?

आवाजात बीप, सुपरमध्ये फुल्या. तिच्या जागी सौम्य शब्द घालायचा नाही, तो त्या माणसाने उच्चारलेलाच नसतो.