वाचकांचे प्रश्न : मिशनची माणसं आणि परतीचा प्रवास

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही मूळचे सोलापूरचे. यांचं चर्चचं काम आणि मी नर्स, म्हणून लग्नानंतर काही वर्षांनी केनियात गेलो, तेव्हा मुलगी जेमतेम दोन वर्षांची होती. आता ती तेरा वर्षांची आहे आणि या जूनमध्ये आम्ही कायमचे पुण्याला आलो. आम्हा दोघांना खूप बरं वाटतंय, आपली माणसं, आपली भाषा, सासूबाईंची तब्येतही बघता येते. पण पोरगी गप्प झालीये. शाळेतून आली की दार लावून बसते. परवा रडत म्हणाली मला घरी जायचंय, तर सासूबाई म्हणाल्या अगं घरीच तर आलीयेस. नातेवाईक म्हणतात पोरीला घमेंड आहे, कुणाशी बोलत नाही. रविवारी चर्चमध्ये सगळे तिला स्वाहिलीतलं गाणं म्हणायला लावतात, आधी म्हणायची, आता येतच नाही म्हणते. मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही. हे म्हणतात होईल हळूहळू. आमचं काही चुकलं का?
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते. नाही, तुमचं काही चुकलेलं नाही, आणि मुलीचंही नाही. झालंय असं की तुम्ही दोघं परत आलात पण ती परत आलेली नाही, ती घर सोडून आलीये. दोन वर्षांची असताना सोडलेलं गाव कुणाच्या लक्षात राहतं? तिला आठवतं ते सगळं तिथलं आहे, मैत्रिणी, शाळेचा रस्ता, पहिलं भांडण, सगळं. तेव्हा ती घरी जायचंय म्हणते ते अगदी खरं म्हणते, तिला दुरुस्त करू नका, आणि सासूबाईंनाही प्रेमानं समजावून सांगा की तिचं ते घर होतं आणि ते सुटलंय.

या मुलांचा पहिल्यांदा नीट विचार झाला तो आपल्याच देशात राहणाऱ्या अशा घरांवरून. रूथ युसिम आणि त्यांचे पती जॉन युसिम हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ 1950 च्या दशकात भारतात आले, इथे राहणारी अमेरिकन कुटुंबं, म्हणजे वकिलातीतली, कंपन्यांतली आणि मिशनची, कशी जगतात ते बघायला. त्यातून रूथबाईंनी अशा मुलांना थर्ड कल्चर किड्स हे नाव दिलं. आईबापाचा देश एक, राहायचा देश दुसरा, आणि या दोन्हींच्या मध्ये राहणाऱ्यांचं आपापसात जे जग तयार होतं ते तिसरं. अशी मुलं आईबापाच्या देशात आली की दिसायला तिथल्यासारखीच असतात, त्यामुळे लोक धरून चालतात की याला सगळं माहीत असणारच, आणि मग माहीत नसलं की घमेंड दिसते. केनियात तुमची लेक वेगळी दिसायची म्हणून लोक तिला सांभाळून घेत असतील, सांगत असतील, इथे तिला कुणी काही सांगत नाही, उलट हसतात.

तुम्ही सोलापूरच्या म्हणून आपल्या भागातलीच उदाहरणं देते, अमेरिकेतून इथे कामाला आलेल्या मिशनरी कुटुंबांची. रॉबर्ट ॲलन ह्यूम 1847 मध्ये मुंबईत जन्मले, वडील मिशनरी. तब्येत ढासळली म्हणून 1854 मध्ये वडील मायदेशी निघाले आणि बोटीवरच वारले. आईनं मुलांना मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला वाढवलं. आता विचार करा, सहा-सात वर्षांचं मुंबईचं पोर, वडील वाटेतच गेलेले, आणि सगळे म्हणताहेत की मुलं घरी परत आली. हेच ह्यूम येलमध्ये शिकून 1874 मध्ये नगरला आले आणि 1926 पर्यंत राहिले. त्यांचा मुलगा एडवर्ड नगरला 1876 मध्ये जन्मला, डॉक्टर झाला आणि चीनमध्ये चांग्शाला जाऊन काम केलं. कोल्हापूरच्या वाइल्डर कुटुंबाचं तर आणखी वेगळं. रॉबर्ट वाइल्डर कोल्हापुरात 1863 मध्ये जन्मले, आईवडील 1870 च्या दशकात त्यांना घेऊन अमेरिकेत परतले, आणि याच मुलानं पुढे 1886 मध्ये विद्यार्थ्यांना परदेशी मिशनकामाला पाठवणारी मोठी चळवळ उभी करायला हात लावला. वडील 1887 मध्ये गेल्यावर बहीण ग्रेस आणि म्हातारी आई दोघी परत आपल्या भागात काम करायला आल्या. म्हणजे फक्त मुलांनाच ओढ असते असं नाही, आईलाही असते.

पण ही उदाहरणं देताना मला एक गोष्ट खटकते ती सांगते. ही सगळी ज्यांची चरित्रं लिहिली गेली ती माणसं आहेत. परत गेलेल्या कितीतरी मुलांना आईवडिलांच्या देशात कधीच करमलं नसेल, त्यांचं कोण लिहिणार? त्यामुळे "बघ ह्यूमसाहेब कसे मोठे झाले" असं मुलीला सांगायला जाऊ नका. तिला आत्ता मोठं व्हायचं नाहीये, तिला आत्ता मैत्रीण पाहिजे.

माझ्या मते सगळ्यात आधी रविवारचं गाणं बंद करा. चर्चमधल्यांचा हेतू चांगला असतो, पण मिशनच्या मुलांचं हे दुखणं जुनं आहे. सुट्टीवर गेलेल्या मिशनरी कुटुंबांना मायदेशी गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन कामाची माहिती सांगावी लागायची आणि मुलांना तिथले कपडे घालून, तिथल्या भाषेत गाणी म्हणत उभं राहावं लागायचं. लहानपणी मजा वाटते, तेराव्या वर्षी आपण प्रदर्शनात ठेवल्यासारखं वाटतं. पाळकसाहेबांशी तुम्ही स्वतः बोला, तिला बोलायला लावू नका. तिला कधी मनानं म्हणावंसं वाटलं तर म्हणेल.

दुसरं म्हणजे निरोप. डेव्हिड पोलॉक नावाच्या अमेरिकन माणसानं अशा मुलांबरोबर बरीच वर्षं काम केलं, त्यांचं म्हणणं असं की जागा सोडताना भांडणं मिटवावीत, ज्यांनी केलं त्यांचे आभार मानावेत, माणसांचा आणि जागांचाही निरोप घ्यावा आणि मग पुढचा विचार करावा. सामान बांधायच्या गडबडीत हे बहुतेक राहूनच जातं. राहिलं असेल तर आताही होतं. तिला विचारा कुणाला भेटायचं राहिलं, कुणाशी अबोला होता, कुत्रं मांजर कुणाकडे ठेवलंय, आणि व्हिडिओ कॉल लावून द्या आणि तुम्ही खोलीतून बाहेर जा. जास्त बोलली तर तिथेच अडकून पडेल ही भीती मला बऱ्याच आया सांगतात, मला मात्र उलटं वाटतं, दार एकदम बंद केलं की पोरं त्या दाराशीच बसून राहतात. घरात उगाली, म्हणजे तिथली मक्याच्या पिठाची घट्ट उकड, करा, पांढऱ्या मक्याचं पीठ मिळालं तर उत्तम, बरोबर पालेभाजी, आणि सासूबाईंनाही वाढा. आजीनं एक घास खाल्ला तर त्या पोरीला काय वाटेल ते बघा.

शाळेचं म्हणाल तर महाराष्ट्रात 2020 च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झालाय, कुठल्याही बोर्डाची शाळा असो. सातवी-आठवीची मराठीची पुस्तकं अशा मुलीला एकदम झेपणारच नाहीत. वर्गशिक्षिकेला आणि मराठीच्या बाईंना स्वतः जाऊन भेटा, सगळं सांगा, यंदा तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठरवून घ्या. घरी पहिली-दुसरीचं पुस्तक तिच्यासमोर टाकू नका, लाज वाटते त्या वयात. त्यापेक्षा आजीच्या पाककृतींची वही असेल ती वाचायला द्या, दुकानांच्या पाट्या, बसवरचे फलक, व्हॉट्सॲपवर मैत्रिणींचे देवनागरीतले मेसेज, यातून पटकन येतं.

आणि ताई एक लक्षात ठेवा, सुरुवातीला आनंद आणि काही महिन्यांनी उतार असं परतल्यावर मोठ्या माणसांचंही होतं. परक्या देशात गेल्यावर जसं होतं तसंच मायदेशी परतल्यावर पुन्हा होतं, हे गलाहॉर्न नावाच्या नवराबायकोनं 1963 मध्येच मांडलंय. आज तुम्हाला बरं वाटतंय, डिसेंबर-जानेवारीत कदाचित तुम्हालाच तिथल्या वॉर्डची, तिथल्या बायकांची आठवण येऊन रडू येईल. तेव्हा मुलीपासून लपवू नका. देवाच्या कामाला गेलो होतो मग रडायचं कसलं असं आपल्याकडे फार मनावर घेतलं जातं, ते सोडून द्या. आई पण रडते हे कळलं की पोरीला आपण एकटी नाही असं वाटतं. मात्र तिचं खाणंझोपणं बिघडलं, शाळेत जायलाच नको म्हणाली किंवा जगायचं नाही असं काही बोलली तर हळूहळू होईल म्हणून थांबू नका, समुपदेशकाकडे न्या, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 आहे, मोफत आहे, त्यांना मराठीत सांगता येतं.

प्रश्न : वानलेस साहेबांनी मिरजेला एवढं हॉस्पिटल उभं केलं, आयुष्य इथे काढलं, मग शेवटी परत का गेले? इथेच का नाही राहिले?
— एक वाचक, मिरज

उत्तर : डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये आले, 1894 मध्ये मिरजेचं हॉस्पिटल सुरू झालं आणि 1928 मध्ये ते निवृत्त होऊन गेले, तब्येत साथ देत नव्हती. 1933 मध्ये कॅलिफोर्नियात वारले. दादा, एक व्यवहाराची गोष्ट आपल्या लक्षात येत नाही, मिशनचा बंगला मिशनचा असायचा, डॉक्टरांचा नव्हे. काम संपलं की तो पुढच्या माणसाला लागायचा. पगार बेताचा, तिकडे स्वतःचं घर बहुतेकांचं नसायचंच, म्हातारपणी मुलांकडे किंवा भाड्याच्या घरात. इथे मोठा बंगला आणि नोकरचाकर बघून आपल्याला वाटायचं साहेब श्रीमंत, आणि तिकडे गेल्यावर स्वतः भांडी घासायची. त्यांचं नाव मात्र वानलेसवाडीला राहिलंय.

प्रश्न : ताई, माझी पणजी नगरला अमेरिकन मिशनच्या एका बंगल्यात आया होती. घरात सांगतात की साहेबांची मुलं तिच्याशी मराठीतच बोलायची, भांडायची पण मराठीत. मग ती मुलं अमेरिकेला गेली आणि पणजी पुढे कित्येक वर्षं त्यांची आठवण काढायची. त्यांना तिची आठवण राहिली असेल का? आणि शोधायचं तर कुठे शोधू?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. मिशनच्या इतिहासात साहेब असतात, मडमा असतात, शाळा आणि दुष्काळातली कामं असतात, पण ज्या बाईच्या कडेवर ती मुलं मराठी शिकली तिचं नाव क्वचित सापडतं. तुमच्या घरात तिची आठवण टिकलीये हेच मोठं आहे.

मुलं का गेली ते सांगते. अमेरिकन मिशनची माणसं पहिल्यांदा 1813 मध्ये मुंबईत उतरली, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट. त्या काळी मिशनरी जन्मभरासाठी जायचा, परत येणं धरलेलंच नसायचं. नॉट आजारपणामुळे 1815 मध्ये परतले, हॉल 1826 मध्ये नाशिककडे दौऱ्यावर असताना कॉलऱ्यानं गेले. इथे मुलं फार दगावायची म्हणून आणि शिक्षणासाठी, मुलं थोडी मोठी झाली की अमेरिकेला पाठवायची असं ठरूनच गेलं. केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिनोन्महिने जहाज, सुएझचा कालवा 1869 मध्ये झाला तेव्हा कुठे वाट कमी झाली. मुलं नातेवाइकांकडे राहायची नाहीतर मिशनच्या मुलांसाठी काढलेल्या घरात. बोस्टनजवळ ऑबर्नडेलला असं एक घर होतं, ते एलायझा वॉकर नावाच्या बाईंनी सुरू केलं. त्या स्वतः तुर्कस्तानातल्या दियारबाकीरहून नवरा गेल्यावर मुलांना घेऊन परतलेल्या. त्या बाईला बरोबर कळलं की या पोरांना काय पाहिजे, कारण तिची पोरं तशीच होती. पुढे 1901 मध्ये कोडाईकनालला मार्गारेट एडीबाईंनी शाळा काढली, मसुरीची वूडस्टॉक तर 1854 पासूनच होती, त्यामुळे नंतरची मुलं निदान देशातच राहिली आणि उन्हाळ्यात त्यांच्या आई वर डोंगरात जाऊन त्यांच्याबरोबर राहायच्या. तुमच्या पणजीच्या बंगल्यातली मुलं 1901 च्या आधीची की नंतरची त्यावरून ती किती लहानपणी गेली असतील याचा अंदाज येईल.

आठवण राहिली असेल का? सगळ्यांचं कसं सांगू, पण एका माणसाचं सांगते. जस्टिन ॲबट, वडील आमच्याच भागातले मिशनरी, त्यामुळे लहानपण इथे गेलेलं. ते 1881 मध्ये स्वतः मिशनरी होऊन मुंबईला आले आणि 1910 मध्ये निवृत्त होऊन न्यू जर्सीतल्या समिट गावी गेले. तिथे जाऊन या माणसानं काय केलं, तर भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांची चरित्रं आणि रचना इंग्रजीत आणल्या. 1926 पासून ही पुस्तकं निघत होती, पंडित नरहर गोडबोले यांचा हात होता, आणि 1932 मध्ये वारले तोपर्यंत हेच काम चालू होतं. अमेरिकेतल्या एका लहान गावात म्हातारपणी रोज सकाळी ओवी समोर घेऊन बसायचं, हे निव्वळ विद्वत्तेनं होत नाही हो. लहानपणी कानावर पडलेलं मराठी कुणाचं होतं? माझं मन सांगतं त्यात आयाबायकांचा वाटा असणारच.

शोधायचं असेल तर त्या मिशनची माणसं पाठवणारं जे अमेरिकन बोर्ड होतं, 1810 मध्ये स्थापन झालेलं, त्याची जुनी पत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन लायब्ररीत आहेत, त्यात नगरचीही आहेत. ईमेल करून विचारता येतं. इथे मिशनचं 1842 मध्ये नगरला सुरू झालेलं ज्ञानोदय हे नियतकालिक बघा, त्यात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या, निरोपाच्या बातम्या असायच्या. चर्चची रजिस्टरंही विचारा, पणजी ख्रिस्ती झाली असेल तर बाप्तिस्मा, लग्न आणि दफन तिन्हीची नोंद मिळू शकते. जायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून तीन गोष्टी काढून घ्या, बंगला नगरमध्ये कुठे होता, साहेबांचं आडनाव घरात कसं उच्चारायचे, मग ते चुकीचं का असेना, आणि मुलांची लाडाची नावं. आडनावाचा उच्चार बदललेला असला तरी मिशनच्या यादीशी ताडून बघता येतो. काही सापडलं तर मला जरूर कळवा, पणजींचं नाव पण लिहा, पुढच्या अंकात छापू.