पुट्टी घासायचा ब्लॉक कसा विकू?

प्रश्न : मी गाडीची पुट्टी घासायचे हाताचे ब्लॉक बनवतो, पण पेंटर म्हणतात पॅनलवर लाटा राहतात, मग विकू कसे?

उत्तर : अहो, तुमचा ब्लॉक बहुतेक मऊ असणार, बोटांचा दाब तसाच खाली उतरतो आणि खड्डा अजून खोल होतो. दार-बॉनेटला कडक आणि लांब ब्लॉक हवा, म्हणजे तो खड्ड्यावरून सरळ जातो आणि फक्त उंचवटा कापतो, गोलाईला मात्र वाकणारा. माप मनाचं नको, ७० बाय ४२० मिलिमीटरचा घासायचा तयार पेपर बसायला हवा, नाहीतर रोज कात्री घेऊन कोण बसणार! विकताना बडबड नको, पुट्टीवर काळी गाइड कोट पावडर (उंच-सखल भाग दाखवणारी) लावून तुमचा नि त्यांचा ब्लॉक शेजारीशेजारी चालवा, कडक ब्लॉक खड्ड्यात उतरत नाही म्हणून तिथे काळं राहतं, ते दिसतंच.