वाचकांचे प्रश्न : ‘कॉरोनर’ ई. एम. ग्रेस

प्रश्न : 1880 साली ओव्हल मैदानावर इंग्लंडकडून तीन सख्खे भाऊ एकाच कसोटीत खेळले, असे वाचनात आले. त्यांपैकी धाकटे, नामवंत फलंदाज डब्ल्यू. जी. (विल्यम गिल्बर्ट) ग्रेस सर्वांना ठाऊक आहेत. थोरले ई. एम. ग्रेस डॉक्टर होते आणि त्यांना ‘कॉरोनर’ म्हणत, एवढाच उल्लेख तेथे होता. त्यांच्याविषयी अधिक माहिती द्यावी.

उत्तर : आपण वाचलेला उल्लेख खरा आहे. तो जितका त्रोटक आहे, तितकीच एडवर्ड मिल्स ग्रेस यांची आठवणही आज त्रोटक उरली आहे, याची मला मनापासून खंत वाटते. धाकट्या भावाची कीर्ती एवढी मोठी झाली, की थोरल्याचे नाव त्याच्या चरित्रातील पहिल्या प्रकरणापुरते राहिले. वास्तविक 1860 ते 1865 या काळात ‘ग्रेस’ म्हटले की इंग्लंडमधील क्रिकेटरसिकांच्या डोळ्यांसमोर ई. एम. यांचीच मूर्ती उभी राहत असे.

त्यांचा जन्म 28 नोव्हेंबर 1841 रोजी ब्रिस्टलजवळच्या डाउनएंड या गावी झाला. वडील हेन्री मिल्स ग्रेस हे त्या पंचक्रोशीचे डॉक्टर होते आणि क्रिकेटचे त्यांना इतके वेड होते, की त्यांनी परिसरात स्वतःचा क्लब उभा केला आणि घराच्या बागेत मुलांसाठी खेळपट्टी तयार केली. हेन्री, आल्फ्रेड, एडवर्ड, विल्यम गिल्बर्ट आणि फ्रेड हे पाचही मुलगे क्रिकेट खेळले आणि पाचही जणांनी वडिलांच्याच व्यवसायाची वाट धरली. त्यांपैकी फ्रेड यांचे शिक्षण मात्र पुरे होऊ शकले नाही. मुलांना खेळ शिकवण्याचे काम मुख्यतः मामा आल्फ्रेड पोकॉक यांनी केले. आई मार्था यांची खेळाची जाण तर अशी होती, की मुले त्यांच्या अभिप्रायाची वाट पाहत असत.

एडवर्ड यांच्या फलंदाजीची घडण समजण्यासाठी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. लहानपणी त्यांच्या हाती आलेली बॅट त्यांच्या वयाच्या मानाने फार मोठी आणि जड होती. ती सरळ खाली आणणे त्या पोराला जमेना, म्हणून त्याने ती आडवी फिरवण्यास सुरुवात केली आणि ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडूही ओढून लेगच्या बाजूला मारण्याची सवय त्याला जडली. ही हकिकत डब्ल्यू. जी. यांनीच नोंदवून ठेवली असून, त्यावरून शहाणे होऊन मामांनी आपल्याला मात्र आपल्या मापाची बॅट दिली, असेही त्यांनी म्हटले आहे. त्या काळच्या जाणकारांच्या दृष्टीने सरळ बॅट हा जवळजवळ धर्म होता. असे असताना एका तरुणाने तो नियम उघडपणे मोडावा आणि तरीही धावांच्या राशी घालाव्यात, हे अनेकांना पचणे कठीण गेले. माझ्या मते ई. एम. यांचे खेळातील मोठे देणे हेच आहे : चेंडू कोठे पडला यापेक्षा क्षेत्ररक्षक कोठे नाही, हे पाहून फटका मारता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

1855 मध्ये विल्यम क्लार्क यांचा ‘ऑल इंग्लंड’ संघ ब्रिस्टलला आला, तेव्हा स्थानिक बावीस जणांच्या संघात तेरा वर्षांच्या एडवर्डचा समावेश होता. मुलाची धिटाई पाहून क्लार्क यांनी त्याला एक बॅट भेट दिली. पुढे मार्थाबाईंनी क्लार्क यांच्यानंतर त्या संघाचे प्रमुख झालेल्या जॉर्ज पार यांना पत्र लिहून एडवर्डला इंग्लंडच्या संघात घेण्याची शिफारस केली, आणि आपला आणखी एक धाकटा मुलगा असून त्याचा बचाव अधिक भक्कम असल्याने तो याहूनही सरस ठरेल, असे शेवटी जोडले, अशी कथा सांगितली जाते. पत्र एडवर्डसाठी होते, पण आज लोकांच्या स्मरणात आहे ते त्यातील शेवटचे वाक्य, आणि तेही धाकट्या डब्ल्यू. जी. साठी!

ऑगस्ट 1862 मध्ये कँटरबरी येथे एमसीसीच्या (मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या) संघात एक जागा रिकामी होती. ई. एम. हे क्लबचे सभासद नसतानाही त्यांना खेळवण्यात आले. वीस वर्षांच्या या पाहुण्याने केंटच्या हौशी खेळाडूंविरुद्ध सलामीपासून अखेरपर्यंत नाबाद राहून 192 धावा केल्या आणि नंतर एका डावात 69 धावांत दहा बळी घेतले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पार यांच्या संघातून ते ऑस्ट्रेलियाला गेले. बारा जणांच्या त्या संघात ते एकटेच हौशी खेळाडू होते. बाकी सारे व्यावसायिक होते. त्या दौऱ्यात त्यांना अपेक्षेइतके यश मिळाले नाही आणि ते परतले, तोवर सोळा वर्षांचे विल्यम गिल्बर्ट मैदानात उतरण्याच्या तयारीत होते.

1862 ते 1896 या प्रदीर्घ काळात ई. एम. यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत 10,025 धावा केल्या आणि 305 बळी घेतले. हे आकडे आज कोणाला फारसे मोठे वाटणार नाहीत. तथापि, खडबडीत खेळपट्ट्यांवर धावा काढणे कठीण असे, तो हा काळ होता. शिवाय पॉइंटच्या जागी बॅटपासून अगदी जवळ उभे राहून ते जे झेल टिपत, त्यांची कीर्ती फलंदाजीहून कमी नव्हती.

प्रश्न : त्या 1880 च्या कसोटीत तिघा भावांची कामगिरी कशी झाली?

उत्तर : 6 ते 8 सप्टेंबर या तीन दिवसांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध झालेली ती इंग्लंडच्या भूमीवरील पहिलीच कसोटी होती. ई. एम. आणि डब्ल्यू. जी. यांनी सलामीला येऊन 91 धावांची भागी केली. त्यात थोरल्याचा वाटा 36 धावांचा होता. डब्ल्यू. जी. यांनी पुढे 152 धावा केल्या. दुसऱ्या डावात ई. एम. यांना खाते उघडता आले नाही. फ्रेड तर दोन्ही डावांत शून्यावर बाद झाले, पण ऑस्ट्रेलियाचे फलंदाज जॉर्ज बॉनर यांचा आभाळात गेलेला प्रचंड फटका त्यांनी सीमेजवळ ज्या धीराने झेलला, तो झेल आजही सांगितला जातो. चेंडू खाली येईपर्यंत फलंदाज तिसरी धाव घेण्यासाठी वळले होते, असे म्हणतात. इंग्लंडने पाच गडी राखून विजय मिळवला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 22 सप्टेंबर रोजी, फ्रेड यांचे बेसिंगस्टोक येथे न्यूमोनियाने निधन झाले. ते केवळ 29 वर्षांचे होते. ई. एम. त्या वेळी 38 वर्षांचे होते आणि ती त्यांची एकमेव कसोटी ठरली.

प्रश्न : कॉरोनरचे काम म्हणजे नेमके काय? रुग्ण आणि चौकशा सांभाळून एखादा डॉक्टर सबंध उन्हाळा क्रिकेट कसा खेळू शकत असे?

उत्तर : ई. एम. 1865 मध्ये परीक्षा उत्तीर्ण होऊन डॉक्टर झाले आणि पुढे ब्रिस्टलच्या उत्तरेस थॉर्नबरी या गावी स्थायिक झाले. 1875 मध्ये ते ग्लॉस्टरशर या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पश्चिम भागाचे कॉरोनर झाले. अपघाती, आकस्मिक किंवा संशयास्पद मृत्यू झाला, की ज्युरी बसवून त्याचे कारण ठरवणे हे कॉरोनरचे काम. हे पद त्या वेळी सरकार नेमून देत नसे. 1888 च्या कायद्याने ते अधिकार काउंटी कौन्सिलकडे जाईपर्यंत काउंटीतील जमीनधारक मतदार कॉरोनरला निवडून देत असत. चौकशी बहुधा गावातल्या एखाद्या खानावळीत किंवा सार्वजनिक खोलीत भरे आणि ज्युरीने मृतदेह प्रत्यक्ष पाहणे कायद्याने सक्तीचे होते. शीतगृहे नसलेल्या त्या काळात, तेही ऐन उन्हाळ्यात, हे काम लांबणीवर टाकणे किती अवघड असेल, याची कल्पना करता येईल. सामना संपेपर्यंत मृतदेह बर्फात ठेवावा, असा निरोप ई. एम. यांनी धाडल्याची गोष्ट म्हणूनच आवडीने सांगितली जाते. ती एक आख्यायिका म्हणूनच घ्यावी. या माणसाने दीर्घकाळ हे जबाबदारीचे पद सांभाळले, ही गोष्ट मला तिच्यापेक्षा अधिक बोलकी वाटते.

वेळ कसा मिळत असे, याचे उत्तर त्या काळच्या वैद्यकीय व्यवसायाच्या घडणीत आहे. खेड्यातील डॉक्टर काही दिवसांसाठी बदली डॉक्टर ठेवू शकत असे किंवा शेजारच्या डॉक्टरबंधूवर काम सोपवू शकत असे. आणि ग्रेस घराण्यात डॉक्टरबंधूंची वाण नव्हती. डब्ल्यू. जी. यांची तऱ्हा थोडी वेगळी होती. त्यांनी 1868 मध्ये ब्रिस्टलला वैद्यकीय शिक्षण सुरू केले आणि खेळापायी ते रेंगाळत जाऊन 1879 मध्ये पुरे झाले. त्यानंतर उन्हाळ्यात त्यांच्या जागी काम करणाऱ्या बदली डॉक्टरचा खर्च काउंटी क्लबने उचलला. तरीही त्यांच्या वैद्यकीय ज्ञानाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. 1887 मध्ये मँचेस्टरला सीमेवरील लोखंडी कुंपणावर आदळून ग्लॉस्टरशरचे खेळाडू ए. सी. एम. क्रूम यांचा गळा चिरला, तेव्हा टाके घालण्याचे साहित्य येईपर्यंत डब्ल्यू. जी. यांनी जखमेच्या कडा बोटांनी घट्ट धरून ठेवल्या आणि सहकाऱ्याचे प्राण वाचवले.

प्रश्न : ई. एम. ग्रेस हे क्रीडा संघटक म्हणूनही मोठे होते, असे आपण मागे लिहिले होते. त्यांच्यावर पैशांबाबत आरोप झाले होते, हेही खरे आहे काय?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

ग्लॉस्टरशरने आपला पहिला प्रथम श्रेणी सामना जून 1870 मध्ये ब्रिस्टलच्या डर्डहॅम डाउनवर सरेविरुद्ध खेळून तो 51 धावांनी जिंकला. पुढच्या वर्षापासून ई. एम. क्लबचे सचिव झाले आणि 1909 पर्यंत, म्हणजे तब्बल 38 वर्षे, त्या पदावर राहिले. या क्लबला सुरुवातीला स्वतःचे मैदान नव्हते. क्लिफ्टन कॉलेज आणि चेल्टनहॅम कॉलेज यांच्या मैदानांवर सामने भरत असत आणि ब्रिस्टलमधील अ‍ॅशली डाउनचे मैदान 1889 मध्ये मिळाले. प्रतिस्पर्धी काउंट्यांशी पत्रे लिहून तारखा ठरवणे, हौशी खेळाडू कोणत्या आठवड्यात मोकळे आहेत हे विचारून अकरा जण जमवणे, ऐन वेळी कोणी नकार कळवला तर दुसरा शोधणे, प्रवेशशुल्काचा हिशोब ठेवणे, ही सारी कामे एका खेड्यातील डॉक्टर रुग्णांच्या आणि चौकशांच्या मधल्या वेळात करत होता. अशा व्यवस्थेवर चालणारा हा संघ 1874, 1876 आणि 1877 मध्ये काउंट्यांत अव्वल ठरला आणि 1873 मध्ये त्याने तो मान नॉटिंगहॅमशरसह वाटून घेतला. 1890 मध्ये अधिकृत काउंटी अजिंक्यपद सुरू झाले, तेव्हाच्या आठ काउंट्यांत ग्लॉस्टरशर होते. या यशाचे श्रेय डब्ल्यू. जी. यांच्या बॅटला दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण बॅट चालण्यासाठी सामना भरावा लागतो, आणि तो भरवणारा माणूस थॉर्नबरीत होता.

क्लबच्या सुरुवातीच्या इतिवृत्तातील एका नोंदीत बैठकीस उपस्थित म्हणून फक्त ई. एम. ग्रेस यांचे नाव असून ‘बाकी कोणी नाही’ अशा आशयाचा शेरा आहे. अनेक जण ही नोंद त्यांच्या एकतंत्री कारभाराचा पुरावा म्हणून दाखवतात. मला ती वाचताना जाणवते ती इतर सदस्यांची अनुपस्थिती. तरी एकहाती कारभाराचे दोष त्यात येणारच होते, आणि ते आले.

ग्रेस बंधू कागदोपत्री हौशी होते. हौशी खेळाडूला मानधन घेता येत नसे, मात्र प्रवास आणि मुक्कामाचा खर्च मागता येत असे. 1878 मध्ये ओव्हलवर झालेल्या सरेविरुद्धच्या सामन्यासाठी मागितलेला खर्च अवाजवी होता, असा आक्षेप निघाला. जानेवारी 1879 मध्ये क्लबच्या वादळी सभेत दोघा भावांना उत्तरे द्यावी लागली. त्यांनी आरोप साफ नाकारले. ई. एम. यांचे सचिवपद टिकले, पण यापुढे हिशोबाच्या बाबतीत त्यांनी नव्या अर्थसमितीशी सल्लामसलत करावी, असे ठरले. या प्रकरणात त्यांना पूर्णपणे निर्दोष ठरवण्याची माझी इच्छा नाही. मात्र हौशी खेळाडूला क्लबच्या कचेरीत पगारी जागा देऊन त्याचे हौशीपण शाबूत ठेवण्याची युक्ती इतर काउंट्यांतही रूढ होती. सरेचे वॉल्टर रीड हे तिथले साहाय्यक सचिव होते. दोष एका घराण्यापुरता नव्हता. पैसा येत असताना तो येत नाही असे मानणारी जी पद्धत होती, तिच्यात तो मुरलेला होता.

1899 मध्ये डब्ल्यू. जी. लंडन काउंटी या नव्या क्लबकडे गेले आणि त्यांनी ग्लॉस्टरशरच्या समितीला अत्यंत कडवट शब्दांत राजीनाम्याचे पत्र धाडले. तेव्हा सचिवाच्या खुर्चीत त्यांचा सख्खा भाऊच बसलेला होता. ई. एम. त्यानंतरही दहा वर्षे त्याच जागी काम करत राहिले. 20 मे 1911 रोजी थॉर्नबरी येथे त्यांचे निधन झाले आणि डाउनएंडला त्यांचे दफन करण्यात आले.

प्रश्न : कँटरबरीच्या त्या दहा बळींची नोंद विक्रमांच्या मुख्य यादीत का सापडत नाही?

उत्तर : तो सामना प्रत्येकी बारा खेळाडूंचा होता, त्यामुळे एका डावातील ‘सर्व’ बळी म्हणून तो पराक्रम धरला जात नाही आणि त्याची नोंद वेगळी टीप देऊन केली जाते. एकाच सामन्यात शतक आणि एका डावात दहा बळी, असा दुहेरी पराक्रम त्याआधी 1859 मध्ये व्ही. ई. वॉकर यांनी सरेविरुद्ध केला होता. ई. एम. यांच्यानंतर 1886 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाविरुद्ध 104 धावा करून 49 धावांत दहा बळी घेणारा खेळाडू म्हणजे त्यांचेच धाकटे बंधू डब्ल्यू. जी.