डिझेल इंजिनाच्या सिम्युलेशनमध्ये दाबाचा आलेख जुळतो, मग नॉक्स (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड) आणि काजळी का जुळत नाही?

कारण दाब म्हणजे अख्ख्या सिलिंडरची सरासरी. नॉक्स मात्र ज्वाळेच्या सर्वांत तापलेल्या भागात बनतो. 2500 केल्विनच्या आसपास तापमान फक्त 100 केल्विनने वाढलं, तरी त्याचा बनण्याचा वेग दुपटीहून जास्त होतो. सरासरीत ही चूक दिसतच नाही. ईजीआर (धुराचा काही भाग परत सिलिंडरमध्ये सोडणं) वाढवून ज्वाळा थंड ठेवली की नॉक्स घटतो तो यामुळेच.

काजळीचं दुखणं वेगळं. आत बनलेली बहुतेक काजळी तिथेच जळून जाते, धुरात उरते ती बनलेली आणि जळलेली काजळी, या दोन मोठ्या आकड्यांमधली छोटीशी वजाबाकी. एक आकडा जरा हलला की उत्तर कुठल्या कुठे!

माझं आग्रहाचं सांगणं, मॉडेलमधले गुणांक पिरगाळून आकडे जुळवू नका. आधी इंधनाचा एकच फवारा तपासा. 'स्प्रे ए' या ठरावीक फवाऱ्याच्या प्रयोगाची मोजमापं सर्वांसाठी खुली आहेत: एन-डोडेकेन इंधन, भोवतालचा वायू 900 केल्विनवर, त्यात 15 टक्के ऑक्सिजन. पेट घ्यायला लागणारा वेळ आणि नोझलपासून ज्वाळा किती अंतरावर टिकते, या दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. ते अंतर कमी आलं, तर इंधनात हवा पुरेशी मिसळण्याआधीच ज्वलन सुरू होतं आणि मॉडेल काजळी फुगवून दाखवतं. म्हणून गणितासाठी जागेचे जे छोटे चौकोन पाडतो, ती जाळी नोझलजवळ बारीक हवीच.