शिंपल्यांना गोळ्यांचा त्रास?

प्रश्न : आमच्या भडगावकडे गिरणेच्या डोहात पूर्वी ओंजळभर शिंपले मिळत. आता रिकाम्या शिंपाच जास्त. सांडपाण्यातल्या औषधांमुळे असं होतं का?

उत्तर : होऊ शकतं, पण निकाल लगेच देऊ नका. शिंपला पाणी गाळूनच पोट भरतो, त्यामुळे आपण पचवून बाहेर टाकलेलं औषधही त्याच्या अंगात जातं. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातही औषधं पूर्ण निघत नाहीत. नैराश्यावरचं औषध फ्लुऑक्सेटिन तर थेट सेरोटोनिनशी (नसांमध्ये निरोप पोचवणाऱ्या रसायनाशी) खेळतं आणि शिंपल्यात पिल्लं सोडण्याचा इशारा सेरोटोनिनच देतं. प्रयोगशाळेत, अर्थात नदीपेक्षा बऱ्याच जास्त मात्रेत, मादीनं पिल्लं अवेळी सोडलेली दिसली आहेत. ही पिल्लं माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मासा भेटला नाही की संपली.

पण सांडपाण्यातला अमोनिया कोवळ्या शिंपल्यांना फार घातक. वाळूउपसा आणि उन्हाळ्यात आटणारं पात्र वेगळंच.

म्हणून आधी मोजा. सांडपाण्याचा नाला नदीला मिळतो तिथून वरच्या आणि खालच्या अंगाला, प्रत्येकी दहा ठिकाणी एक मीटर चौकटीतली वाळू चाळा. बोट लावताच घट्ट मिटतो तो जिवंत. उघडाच राहिला तर बहुधा मेलेला. तीन सेंटिमीटरखालचे किती, हे वेगळं लिहा. मोठेच सापडले तर नवी पिढी वाढत नसावी. मोजून झाल्यावर जिथले तिथे ठेवा.

आणि मुदत संपलेल्या गोळ्या संडासात टाकू नका. घंटागाडीत इतर कचऱ्यापासून वेगळ्या द्या.