आधी दार ठोठाव

परवा रात्री तुझा फोन ठेवला आणि मग काही झोप लागली नाही. तू विचारलंस एवढंच, की मावशी, राईट-अप, ती नियम मोडल्याची लेखी नोंद, लिहू का नको, आणि मी काहीतरी 'बघ बाई, तुला पटेल ते कर' असलं बोलून मोकळी झाले. सरळ पळवाट काढली मी. म्हणून आता बसून लिहितेय, लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तर तुझी ती अमेरिकन नेव्हीतून बाहेर पडलेली बाई. बावन्न वर्षांची, पाच महिने वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये गाडीत झोपलेली, तुमच्या बेघर माजी सैनिकांच्या हाऊसमध्ये येऊन तीन आठवडे झाले आणि रोज रात्री दाराच्या हँडलखाली खुर्ची अडकवून झोपते. तुझा मॅनेजर म्हणतो खुर्ची म्हणजे फायर हॅझर्ड, रूम चेकला दार उघडत नाही, तीन राईट-अप झाले की बाहेर. दोन झालेत. तिसऱ्यावर तुझी सही हवीय.

लिहू नकोस. मॅनेजर आगीबद्दल खोटं बोलत नाहीये, खरंच आग लागली तर ती खुर्ची तिच्याच जिवावर बेतेल. पण खुर्ची हा तिने तिच्यापुरता शोधलेला उपाय आहे, तुमच्याकडे त्याहून बरा उपाय असेल तर तो आधी तिच्या हातात ठेव आणि मग खुर्ची माग. आतून एका हाताने फिरवून उघडेल असं लॅच, आणि हँडलला अडकवायचा तो छोटा डोअर अलार्म, जो दार हललं की बोंब मारतो. दहा-पंधरा डॉलरची वस्तू. प्रोग्रॅमकडे पैसे नसले तर मी पाठवते. आणि तोपर्यंत कोणीही, मॅनेजरसकट, न ठोठावता तिचं दार उघडणार नाही एवढं ठरवून घे. आधी ठोठावायचं, मग थांबायचं, ती 'या' म्हणाली की मगच आत.

तू म्हणशील एवढंच? हो, एवढंच. पण हे एवढंच शिकायला मला एक बाई गमवावी लागली.

२००९ ची गोष्ट आहे, मी अशाच एका हाऊसमध्ये कामाला होते. दुसऱ्या दिवशी ग्रँटवाल्यांची व्हिजिट होती आणि आम्ही सगळे पिसाळल्यासारखे फाईली लावत होतो, फ्रिजमधली तारीख उलटलेली दुधं फेकत होतो, आणि मी रात्री साडेनऊला मास्टर की घेऊन खोल्या बघायला निघाले. त्या बाईच्या दारावर मी एका हाताने ठोठावलं आणि दुसऱ्या हाताने किल्ली फिरवली, एकाच वेळी, जसं आपण पोरांच्या खोलीत शिरतो ना तसं. ती पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जमिनीवर बसली होती, बूट घालून. ओरडली नाही, काही बोलली नाही. मी 'सॉरी, सगळं ओके आहे ना' असं म्हणून दार लावलं आणि पुढच्या खोलीकडे गेले. पुढच्या खोलीकडे गेले, हे मला अजून टोचतं. सकाळी पलंग रिकामा, चादरीचे कोपरे फौजेत शिकवतात तसे पंचेचाळीस अंशात दुमडलेले, आणि किल्ली उशीवर. व्हिजिटला त्या खोलीचं कौतुक झालं, किती नीटनेटकी म्हणून. ती परत आली नाही. फोन बंद. कुठे गेली ते आजतागायत कळलं नाही.

आता व्हीएमध्ये, म्हणजे इथल्या माजी सैनिकांच्या सरकारी खात्यात, प्रत्येकीला विचारतात की सर्व्हिसमध्ये असताना लैंगिक छळ किंवा जबरदस्ती झाली होती का, आणि तीनातली एक बाई हो म्हणते. पुरुषांत पन्नासात एक. हे तू शिकलीयेस, एमएसटी, मिलिटरी सेक्शुअल ट्रॉमा, म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको. पण वर्गात शिकताना एक गोष्ट हातातून निसटते, की तो माणूस बहुतेक वेळा शत्रूच्या देशातला नसतो, तिच्याच युनिटमधला असतो, कधी वरच्या रँकचा, ज्याला नाही म्हणता येत नाही आणि ज्याची तक्रार त्याच्याच मित्राकडे करायची असते. म्हणजे ज्याच्याकडे किल्ली असते तोच. आणि मग ती बाहेर पडते, घर जातं, नवरा जातो किंवा नवऱ्यापासून ती पळते, गाडीत झोपते, आणि शेवटी तुमच्या दारात येते तर तिथे काय, क्लिपबोर्ड घेऊन, गळ्यात किल्ल्या अडकवून आपण उभे. सेफ हाऊस म्हणे!

आमचे अण्णा हवालदार म्हणून रिटायर झाले. साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरीच्या शेजारचं आमचं गाव, घरटी एक तरी माणूस फौजेत. अण्णा सुट्टीवर आले की एसटी स्टँडवर माणसं घ्यायला यायची, रिटायर झाले तेव्हा वेशीपासून हलगी वाजत घरापर्यंत. पेन्शन, कँटीनचं कार्ड, ग्रामपंचायतीत पहिली खुर्ची. आपल्या भाषेत बघ, माजी सैनिक आहे, वीरपत्नी आहे, वीरमाता आहे, पण जी स्वतः फौजेत जाऊन परत आली तिच्यासाठी शब्द शोधायला गेलीस तर अडखळशील. इथे इंग्रजीत व्हेटरन हा शब्द आहे, वागणूक तीच. व्हीएच्या हॉस्पिटलात बाई काऊंटरला गेली की पलीकडून विचारणार, तुमचे मिस्टर कुठायत, त्यांचा नंबर सांगा. माझ्यासमोर झालंय हे, एकदा नाही, आणि ती बाई इराकमध्ये ट्रक चालवून आलेली. लिंकनच्या भाषणातलं जे वाक्य व्हीएचं ब्रीद होतं त्यातसुद्धा 'ज्याने' लढाईचा भार वाहिला 'त्याची' काळजी, असंच होतं, ते २०२३ मध्ये बदललं. बायका या देशाच्या फौजेत कायमच्या म्हणून १९४८ च्या कायद्याने आल्या. पंचाहत्तर वर्षं लागली एक सर्वनाम बदलायला.

म्हणून अजून एक सांगते, विषयाला सोडून वाटेल पण नाहीये. इनटेकला, बाई दाखल होताना, 'तुम्ही व्हेटरन आहात का' हा प्रश्न विचारत असशील तर थांबव. कितीतरी जणी नाही म्हणतील. मी लढाईत नव्हते, मी तर सप्लायमध्ये होते, व्हेटरन म्हणजे माझे वडील, असलं काहीतरी त्यांच्या डोक्यात असतं. 'तुम्ही कधी मिलिटरीत नोकरी केलीये का' असं विचार, मग डीडी २१४, तो फौजेतून सुटल्याचा कागद, कुठल्या तरी बॅगेतून, कुठल्या तरी बहिणीच्या गराजमधून निघतो. हेही ठोठावणंच आहे. ती उघडू शकेल अशा दारावर ठोठाव ना.

आणि आकडे मला सांगू नकोस. २०१० मध्ये जानेवारीच्या एका रात्रीत मोजले तेव्हा ७४ हजारांवर बेघर व्हेटरन होते, २०२४ च्या जानेवारीत ३३ हजारांच्या आत आले, ही खरीच मोठी गोष्ट आहे, त्यात तुझ्या-माझ्यासारख्यांचा घाम आहे. बायका त्यात साधारण दहात एक. पण ती मोजणी शेल्टरमध्ये आणि रस्त्यावर होते. मैत्रिणीच्या सोफ्यावर दोन पोरं घेऊन झोपणारी, किंवा डोक्यावर छप्पर हवं म्हणून नको त्या माणसाबरोबर राहणारी, ती कुठल्याच वहीत येत नाही, आणि बायका नेमक्या तशाच बेघर असतात, कारण रस्त्यावर झोपणं त्यांना परवडत नाही. पोरांचं तर विचारूच नको. २०११ च्या शेवटी सरकारच्याच ऑडिट ऑफिसने सांगितलं की व्हीएच्या ग्रँट अँड पर डिएम या अनुदानावर चालणाऱ्या ज्या जागा बायकांना घेत होत्या त्यातल्या साठ टक्क्यांहून जास्त जागी मुलं चालत नव्हती. पर डिएम म्हणजे पलंगामागे रोजचे पैसे, आणि ते व्हेटरनच्या पलंगाचे, पोराच्या पलंगाला तेव्हा काही नाही. आमच्याकडे एकजण आली होती, तिने आठ वर्षांच्या मुलीला आईकडे ओहायोला पाठवलं आणि स्वतः खोली घेतली. मुलीच्या मापाचे स्लिपर पलंगाखाली ठेवायची.

तू परवा मध्येच म्हणालीस, की आमचे प्रोफेसर म्हणायचे ट्रान्झिशनल हाऊसिंग, आपल्यासारखं तात्पुरतं मधलं घर, आता जुनं झालं, हाऊसिंग फर्स्ट करायचं, मग आपण हे करतोय ते चूक आहे का? मला राग आला होता, फोनवर गिळला. ऐक आता. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने हेच सुरू केलं, की आधी घराची किल्ली द्या, दारू सोड, गोळ्या घे या अटी नकोत, बाकी सगळं नंतर. मला ते शंभर टक्के पटतं, मी तर किल्लीचीच भक्त आहे! पण हड-व्हॅशचं, म्हणजे बेघर व्हेटरनना भाड्यासाठी मिळणारं सरकारी व्हाऊचर हातात आलं म्हणून घर मिळत नाही. घर शोधायला सुरुवातीला निदान १२० दिवस असतात आणि त्यात क्रेडिट स्कोअर फाटलेला, मागच्या घरातून काढल्याची नोंद कोर्टात, डिपॉझिट नाही, घरमालक व्हाऊचर म्हटलं की फोनच उचलत नाही. व्हीएकडचा भरपाईचा क्लेम लागायला महिनोन् महिने. मधल्या काळात ती झोपणार कुठे? परत गाडीत? म्हणून आपलं घर लागतं, जास्तीत जास्त २४ महिने, आणि कोणी चार महिन्यांत निघाली तर उत्तमच. फक्त या मधल्या घरात आपण तिला परत भरती झालेल्या रंगरूटासारखं वागवलं, लाईट्स आऊट, इन्स्पेक्शन, सही कर, तर तुझे प्रोफेसर बरोबर आणि मी चूक. मधलं घर असलं तरी दार तिचंच. पाव्हण्यालासुद्धा आपण न विचारता खोलीतून उठवत नाही.

आता जे सांगायचं टाळत होते ते. तुला बाहेरून कळायच्या आधी मीच सांगते, कारण तुझ्या ऑफिसातल्या कोणाला ना कोणाला ते माहीत असणार. २००९ नंतर मी अशी कट्टर झाले की २०१४ मध्ये हाऊसमध्ये राहणाऱ्या एकीच्या दारावर ठोठावलं, उत्तर आलं नाही, आणि मी थांबले. परत ठोठावलं, नाव घेतलं, थांबले. खालून सहकारी ओरडत होती की उघड, उघड, आणि मी किल्ली हातात धरून उभी. बारा मिनिटं. आत ती शुगर लो होऊन पडली होती. अॅम्ब्युलन्स आली, ती वाचली, आठवड्याने परत आली आणि माझ्यावर चिडलीसुद्धा नाही. बाकी सगळे चिडले. रिपोर्टमध्ये 'विलंब' हा शब्द आला, माझी रात्रपाळी काढून घेतली, मास्टर कीसुद्धा.

मी त्या मीटिंगमध्ये भांडले होते. म्हटलं, २००९ पासून हजारदा ठोठावून थांबलेय, त्या हजार वेळांचा रिपोर्ट कोणी लिहिला? आजही मला वाटतं मी बरोबर होते. म्हणजे, बरोबर होते आणि ती मेली असती, हे दोन्ही. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं, पण राहू दे. माझं चुकलं ते थांबण्यात नाही असं मी स्वतःला सांगत आलेय, चुकलं ते हे, की तिला डायबेटिस आहे हे फाईलमध्ये होतं आणि मी पहिल्या दिवशी तिला विचारलंच नव्हतं, की तू उत्तर दिलं नाहीस तर मी काय करू. तत्त्व सांभाळत बसले आणि साधा प्रश्न राहून गेला. बाई गं, किती सोपं होतं ते.

तर तू विचार. उद्याच, कॉफी घेऊन, तिच्या खोलीत नाही, बाहेर व्हरांड्यात बसून. मी किती वेळा ठोठावू? किती मिनिटं थांबू? आत यायचंच झालं तर कोण येऊ दे, बाई आली तर चालेल ना, आणि दारातून काय ओरडून सांगू म्हणजे तुला कळेल की मीच आहे? ती सांगेल ते तिच्याच शब्दांत कागदावर लिही, तिची सही घे आणि फाईलला लाव. रात्रपाळीच्या पोराला वाचून दाखव. त्यांना वाटतं बायकांना हे विचारलं तर त्या बिथरतील. मी विचारायला लागल्यापासून एकही बिथरली नाही. एकीने तर सांगितलं, तीन वेळा ठोठाव आणि बेसबॉलचा स्कोअर सांग, चोर स्कोअर सांगत नाही. दोन वर्षं मी त्या बाईसाठी रोज स्कोअर बघायचे, मला आजपर्यंत तो खेळ कळलेला नाही.

मॅनेजरला हेच दाखव, लॅचची किंमत आणि सहीचा कागद. आगीची त्याची काळजी मिटते, खुर्ची आपोआप निघेल, कदाचित महिना लागेल. नाही निघाली तर मला सांग, पण खुर्ची निघाली का हे बघायला रात्री दार ढकलून बघू नकोस, मला माहितीये तुला मोह होईल, मला व्हायचा.

आणि त्याला ईमेल लिहिलीस तर पाठवायच्या आधी मला दाखव. रागात लिहिलेल्या ईमेली मी तीन पाठवल्यात आयुष्यात, त्यातली एक चुकून रिप्लाय ऑल होती. अलार्म ऑर्डर केलाय, मंगळवारपर्यंत येईल तुझ्या पत्त्यावर. बॅटरी वेगळी घ्यावी लागते, ट्रिपल ए, दोन.